एका पोरीला तरी सांग

चि. मनीषा हीस,
अनेक आशीर्वाद.

काल "पप्पा, मी काय आजारी दिसते का? रूममधल्या मुलींना माझ्या ॲडिसनच्या आजाराचं कशाला सांगत बसू?" म्हणून तू फोन ठेवून दिलास. बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

दिसत नाहीस, तीच तर भीती आहे. तेव्हाही कुणाला दिसलं नव्हतं. तू काळवंडलीस तर सगळे म्हणाले, परभणीचं ऊन, कापूस वेचून रापली असेल. काकूनं साय लावली. बरणीतले मिठाचे खडे तू नुसते तोंडात टाकायचीस. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आधी तळहाताच्या रेषा बघितल्या, मग ओठ वर करून हिरड्या. म्हणाले, "उन्हानं हिरड्या काळ्या होतात का?" माझ्या पायातलं बळच गेलं.

त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढलं, त्यावर टोपीसारखी ग्रंथी. चार-पाच ग्रॅमची. दुखण्यात अंगाला तारून नेणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन तिथलंच, अंगातलं मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही तिथलंच. टीबीनं तुझ्या दोन्ही ग्रंथी निकामी केल्या. टीबी औषधानं गेला, ग्रंथी मात्र सावरल्या नाहीत.

आम्हाला ताप आला की शरीर आपणहून कॉर्टिसॉल वाढवतं. तुझं वाढत नाही, ते गोळीतूनच मिळतं. म्हणून तापात गोळी दुप्पट. उलट्या लागल्या तर गोळी पोटात ठरत नाही, मग हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधातल्या कॉर्टिसॉलचं, १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. त्या वेळी बीपी इतका उतरतो की स्वतःला सुई टोचायची शुद्ध राहीलच असं नाही. म्हणून म्हणतो, एका पोरीला तरी सांग.

पुन्हा तेच झालं बघ. माफ कर, लेकरा. बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी तू करतेस आणि शिकवतोय मी. लंडनच्या थॉमस ॲडिसननं १८५५ साली हा आजार लिहून ठेवला, तेव्हा त्यावर औषध नव्हतं, हेही तूच मला सांगितलंस. आज गोळी आहे, इंजेक्शन आहे, फक्त ते देणारं माणूस जवळ पाहिजे.

बीएस्सीच्या शेवटच्या पेपरला तू अंगात ताप घेऊन बसलीस, गोळी दुप्पट घेतलीस, आणि आम्हाला कळलं निकालाच्या दिवशी. मी गावभर पेढे वाटले. पण रात्री मनात आलं, ही पोरगी असंच एखादं दुखणं अंगावर काढील आणि आम्ही इथं तीनशे-चारशे किलोमीटरवर.

आत्या म्हणाली होती, बाहेर कळलं तर स्थळं परत जातील. तेच मनात धरलंस का? गोळ्या वेळेवर घेतल्या तर नोकरी, संसार, लेकरंबाळं सगळं होतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. गोळ्या बघून जो नाही म्हणेल, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही.

दादा शनिवारी येतोय. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि इंजेक्शनच्या नव्या कुप्या पाठवतोय. जुन्यांची मुदत बघून घे. आजाराचं कार्ड पर्समध्येच असू दे. आणि तुझ्यासोबत मेसला येते ना, तिला दादासमोरच दाखव, सुई मांडीला बाहेरच्या बाजूनं टोचायची.

तुझे पप्पा