संघर्षग्रस्त भागांतील बालकांना औषधाबरोबर धीरही मिळावा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : संघर्षग्रस्त भागांतील बालआरोग्य सेवेत मानसिक उपचारांचा समावेश करण्याबाबत

महोदय,

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका पोषण पुनर्वसन केंद्रात परिचारिका म्हणून काम करते. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आमच्याकडे जी तीव्र कुपोषित बालके येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो. पण आम्हाला त्याहून अधिक काळजी वाटते ती मूल रडतही नाही याची. दुधाची वाटी ओठांशी नेली तरी ते मान फिरवते. अशा बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने उपचारांच्या ज्या दहा पायऱ्या ठरवून दिल्या आहेत, त्यांतली नववी पायरी खेळ आणि मायेचा आधार ही आहे. आई मुलाला मांडीवर घेऊन खुळखुळा वाजवते, त्याच्याशी बोलत राहते, आणि पुष्कळदा मूल आधी हसते व मग जेवू लागते. हे लाड नव्हेत, औषधाच्या मात्रेइतकाच हा उपचाराचा भाग आहे.

आमच्या जिल्ह्यात युद्ध नाही. पण मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसाचारात सुमारे ६० हजार माणसे घर सोडून मदत छावण्यांत गेली, आणि मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधील पूंछच्या वस्त्यांवर पडलेल्या तोफगोळ्यांत शाळकरी मुलेही दगावली. खान्देशातील गावोगावचे जवान सीमेवर असल्यामुळे अशा बातम्या आमच्या घरांत परक्या म्हणून ऐकल्या जात नाहीत. अशा ठिकाणी लस, जंतनाशक गोळ्या आणि पोषण आहार पोहोचवण्याची व्यवस्था आपल्या यंत्रणेला ठाऊक आहे. घर जळताना पाहिलेल्या मुलाची झोप उडाली, ते अंथरूण ओले करू लागले किंवा बोलेनासे झाले, तर त्याची नोंद कोणी करायची हे मात्र ठरलेले नाही.

संघर्षातून गेलेल्या लोकसंख्येत साधारण पाचांपैकी एकाला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलि-मानस सेवा मोलाची आहे, परंतु १४४१६ हा क्रमांक सहा वर्षांचे मूल स्वतः फिरवणार नाही, आणि त्याची आईच भेदरलेली असेल तर तीही फिरवणार नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांना तपासतात. त्यांच्या यादीत विकासातील विलंब व शिकण्यातील अडचणी आहेत, पण हिंसेने बसलेल्या धसक्यासाठी वेगळा रकाना नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की संघर्षग्रस्त जिल्ह्यांत आणि छावण्यांत वजनकाटा व लसीची पेटी जिथे जाते, तिथेच मनाची तपासणीही जावी. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाहीत, हे मला कळते. मात्र आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका यांना प्रशिक्षण देऊन लक्षणे ओळखणे, आईला धीर देणे आणि गंभीर मुलाला वेळेत तज्ज्ञाकडे पाठवणे शक्य आहे. घडलेली घटना मुलाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, ही साधी गोष्टही प्रशिक्षणाशिवाय अनेकांना उमगत नाही. सांत्वनासाठी आलेला माणूस भल्या मनाने नेमके तेच विचारतो.

हे काम त्याच समाजातल्या, त्यांची बोली बोलणाऱ्या माणसांकडे सोपवावे. आमच्याकडे पावरी बोली न येणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर आया नुसत्या मान हलवतात आणि खरे दुखणे शेजारच्या खाटेवरील बाईला सांगतात. हिंसाचारानंतर जिथे एकमेकांवरचा विश्वासच तुटलेला असतो, तिथे हे अंतर कितीतरी मोठे असणार. नेमणुकाही दोन-तीन दिवसांच्या शिबिरापुरत्या नसाव्यात, कारण मूल ओळखीच्या माणसाजवळच मोकळे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. सशस्त्र संघर्षाची झळ पोहोचलेल्या बालकाला शरीराने आणि मनाने सावरण्यासाठी मदत करण्याचे बंधन तिच्या ३९व्या कलमाने आपल्यावर घातले आहे. त्यानुसार येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि पहिली नेमणूक मणिपूरच्या छावण्यांपासून व पूंछच्या सीमावर्ती गावांपासून करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका,
जि. नंदुरबार