आधी टिप, मग भाज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. चिकन पांढरंफटक, ट्रेमध्ये पाण्याचं तळं आणि त्यात पोहणारा फ्लॉवर. "बाबा, भाजायला ठेवलं होतं, उकडून निघालं," हे वाचून हसूच आलं. माझा पहिला ट्रे डिट्टो असाच होता. मी आधी मसाला बदलला, मग तापमान. दोष पाण्याचा आहे हे कळेपर्यंत चार रविवार वाया गेले.

चिकनची साल ओली असेपर्यंत ती 100 अंशांच्या वर तापतच नाही, आणि खरपूस तांबूस व्हायला साधारण 140 तरी लागतात. म्हणून आधी पाणी घालव. चिकन धुऊ नकोस. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात. मरतात ते आचेनेच. हाडासकट, सालीसकट मांडीचे तुकडे आण. छातीचं मांस जरा जास्त भाजलं की चोथा होतो, मांडी आपली चूक पोटात घालते. कागदी रुमालाने टिप, सालीच्या खालूनही. वरून बोट फिरवलंस तर ते घसरायला नको, किंचित अडकायला हवं. सकाळीच मीठ चोळून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडं ठेवलंस, तर संध्याकाळी साल कागदासारखी कोरडी मिळेल.

कार्ब कमी करायचे म्हणतोस. चिकनमध्ये ते जवळजवळ नसतातच, हिशोब ठेवायचा तो भाजीचा. 100 ग्रॅम बटाट्यात सुमारे 17 ग्रॅम, फ्लॉवरमध्ये 5. कांदा मधला, 9च्या आसपास. पण अर्धा तरी टाकच, त्याच्याशिवाय मजा नाही. बाटलीतल्या तयार सॉसचं लेबल मात्र वाच, बऱ्याच सॉसमध्ये साखर असते.

ओव्हन 220 अंशांवर पूर्ण तापू दे, पंख्याचा असेल तर 200. फ्लॉवर, ढोबळी मिरची, फरसबी यांना तेल, मिरपूड आणि ठेचलेला लसूण लाव. ट्रेमध्ये तुकड्यांच्या मध्ये बोटभर जागा सोड. तुझा ट्रे खचाखच भरला होता, वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. एवढं सगळं एका ट्रेत मावत नसेल तर सरळ दोन ट्रे घे.

साधारण 40 मिनिटं लागतील, पण घड्याळावर विसंबू नकोस. थर्मामीटर हाडाला न लावता मांसात खुपस. 74 अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण मांडी 80-85 पर्यंत जाऊ दे. तिच्यातल्या चिवट शिरा तिथे कुठे विरघळतात आणि मांस हाडापासून सुटतं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हात लावू नकोस (हे तुला जमणार नाही, माहीत आहे). मग वरून लिंबू पिळ.

रविवारी पुन्हा कर आणि ट्रे बाहेर काढल्या काढल्या फोटो पाठव. आई म्हणते, तिला फ्लॉवरचा वेगळा फोटो हवा.

तुझा,
बाबा