चढावरचे दोन सेकंद

ती. आई-बाबांस,
सा. न.

नव्या गाडीत हिल असिस्ट, म्हणजे चढावर निघताना गाडी मागे घरंगळू न देणारी सोय आहे, तरी बाबा चढाचा रस्ता टाळून लांबून फिरून येतात, असं आई म्हणाली. बाबा, जी गोष्ट दिसत नाही तिच्यावर विसंबून गाडी चढावर सोडायची कशी, ही तुमची शंका मला पटते. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून निवांत लिहिते आहे.

चढावर थांबल्यावर तुमचा पाय ब्रेकवर असतो. तो उचलला की एरवी पाइपांतल्या ब्रेक ऑइलचा दाब उतरतो आणि चाकं मोकळी होतात. हिल असिस्ट हा दाब उतरू देत नाही, एवढंच त्याचं काम. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी सोय) यांचं जे युनिट गाडीत असतंच, त्यातले विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह मिटतात आणि दाब साधारण दोन सेकंद आत कोंडून राहतो. पेडल वर आलेलं असतं, तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर पोचलेला असतो, तरी चाकं धरलेलीच असतात. गाडीला चढ कळतो तो एका सेन्सरमुळे. गाडी किती कललेली आहे आणि नाक वर आहे की खाली, हे तो सांगतो. म्हणूनच उताराकडे तोंड करून उभी असलेली गाडी रिव्हर्सने वर घ्यायची असेल, तरी ही सोय कामाला येते.

दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण शंभर मीटरमागे दहा मीटर चढणारा रस्ता घ्या. तिथे गाडी मोकळी सुटली तर पहिल्या सेकंदात जेमतेम अर्धा मीटर मागे येते, आणि दोन सेकंद पुरे होईपर्यंत जवळजवळ दोन मीटर. मागे कोणी चिकटून उभं असेल तर तेवढ्यात बंपरला बंपर लागलाच म्हणून समजा.

आता मुद्दा मॅन्युअल गिअरचा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून थोडी पुढे रेटते. आपल्या गाडीत क्लच पूर्ण दाबलेला आहे तोवर इंजिनाचा चाकांशी संबंधच नसतो. तो जोडायचं काम तुमच्या डाव्या पायाचं, आणि ते हिल असिस्ट करत नाही. त्यामुळे ब्रेक सोडायच्या आधीच क्लच हाफवर आणून ठेवा. उजवा पाय ब्रेकवर घट्ट, पहिला गिअर, आणि डावा पाय सावकाश वर. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, आरपीएमचा काटा थोडा खाली येतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं. तिथे डावा पाय थांबवा. मग ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा जोर चढाला पुरेसा झालाय असं कॉम्प्युटरला दिसलं की तो दाब हलकेच सोडतो आणि गाडी वर निघते. असं केलंत तर दोन सेकंद पुरून उरतात. पाय पूर्ण दाबलेल्या क्लचवरून सुरुवात केली की मात्र घाई होते, आणि घाईत गाडी बंद पडते.

आणि दोन सेकंद संपले तर? पुन्हा ब्रेक दाबा. गाडी थांबेल, आणि पाय उचललात की नवे दोन सेकंद मिळतील. हे कितीही वेळा करता येतं. इंजिन बंद पडलं तरी आधी ब्रेक, मग बाकीचं. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे, बाबा. ब्रेक मात्र नीट जोरात दाबलेला हवा, कारण बहुतेक गाड्यांत तुम्ही जेवढा दाब दिला तेवढाच धरून ठेवला जातो.

हा हँडब्रेक नव्हे, हे दोघांनीही पक्कं लक्षात ठेवा. ते व्हॉल्व्ह वीज मिळते तोवरच मिटलेले राहतात आणि वेळ संपली की उघडतात, ड्रायव्हर सीटवर असो वा नसो. चढावर गाडी उभी करून उतरायचं तर हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची, पूर्वीसारखंच. सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असेल तेव्हाही न्यूट्रल आणि हँडब्रेक. हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट झिजते, जळका वास येतो तो त्याचाच.

आई, तू म्हणालीस की सोसायटीच्या गेटपाशी गाडी थोडी मागे सरकलीच. तो बिघाड असेलच असं नाही. अगदी सौम्य चढाला ही सोय जागी होत नाही. काही गाड्यांत दार नीट लागलेलं नसेल किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरी ती चालत नाही. आपल्या मॉडेलला कुठल्या अटी आहेत ते गाडीबरोबरच्या पुस्तकात असेल, तेवढं पान बघून घे. डॅशबोर्डवर ईएसपीचा दिवा सतत पेटलेला दिसला तर मात्र हिल असिस्ट नाही असंच धरून चाला आणि गाडी दाखवून आणा. ओल्या, निसरड्या चढावर टायरच घसरला तर ब्रेक धरून काही उपयोग नाही, हेही आहेच.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली आपल्या गाडीत हिल होल्डर दिला होता. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ब्रेकच्या लाइनमध्ये एक गोळी. गाडीचं नाक वर झालं की ती मागे घरंगळून ऑइलची परतीची वाट अडवायची, आणि क्लच सोडताना त्याला जोडलेली यंत्रणा ती वाट पुन्हा मोकळी करायची. पुढे सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांतही याच तत्त्वाची रचना होती. मला ती फार आवडते, कारण तिथे घड्याळ नव्हतं. क्लच दाबलेला आहे तोवर ब्रेक धरलेला, क्लच सुटला की ब्रेकही सुटला. आजची सोय चढ आणि इंजिनाचा जोर दोन्ही मोजते, पण दोन सेकंदांची घाई तिने मागे लावून दिली.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. एखाद्या बेताच्या चढावर, मागे कोणी नसताना, आईला शेजारी बसवून करून बघा. आधी नुसता तो हाफ क्लचचा आवाज ओळखायचा, गाडी पुढे न्यायचीच नाही. तो ओळखू आला की मग ब्रेक सोडा. हँडब्रेकने गाडी उचलायची तुमची जुनी पद्धत मोडू नका, फार तीव्र चढावर किंवा गाडी भरलेली असताना मी अजून तीच वापरते. कसं झालं ते रात्री फोन करून कळवा.

तुमची लेक