मनू, ताप किती होता?

कोल्हापूर
सोमवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू "बाबा, मी ठीक आहे" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं. म्हणून लिहायला बसलो.

फोंड्याचा जत्रेतला प्रयोग रंगला, हे तुझ्याकडून कळलं. तुझ्या अंगात १०२ ताप होता, हे देसाईकाकांकडून कळलं. त्यांनी कौतुकानंच सांगितलं. "मास्तर, पोरगी खरी नटी निघाली. अंगात ताप, वर दव पडतंय, तरी दोन वन्समोअर घेतले." मी नुसतं "हो का" म्हणालो. फोन ठेवला आणि आईला काय सांगावं ते सुचेना. अजून सांगितलेलं नाही.

रागावायला लिहीत नाही. रागावण्याचा हक्क मला आहे का, हाच प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे. कारण काकांच्या आवाजात जे कौतुक होतं, तेच माझ्या आवाजात असायचं, १२ मार्च १९११ची गोष्ट सांगताना. रिपन थिएटरात किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली, आणि रात्री ते नाटकातली नायिका भामिनी होऊन उभे राहिले. तू आठ वर्षांची होतीस तेव्हापासून ऐकत आलीस. पेटी पुसता पुसता मी सांगायचो आणि तू पाय हलवत स्टुलावर बसलेली असायचीस. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. परवा रात्री पहिल्यांदाच मनात आलं, त्या वेळी त्या मुलीच्या आईचं काय झालं असेल? इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, पण हा विचार कधी शिवला नव्हता.

मग झोप येईना म्हणून माझी टिपणांची वही काढली, प्रयोगाआधी चार शब्द बोलायला लागतात त्याची. सनावळ्या पाठच आहेत. पण काल मी पहिल्यांदा वजाबाक्या केल्या.

अण्णासाहेब किर्लोस्कर. ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि २ नोव्हेंबर १८८५ला गेले. पाच वर्षं आणि दोन दिवस. एवढ्यात 'शाकुंतल', 'सौभद्र' आणि अपुरं राहिलेलं 'रामराज्यवियोग'. वय ४२. तू करतेस ती 'सौभद्रा'तली सुभद्रा ज्यांनी घराघरांत पोचवली ते भाऊराव कोल्हटकर १९०१ला गेले, चाळिशी गाठली नाही. मास्टर दीनानाथांनी १९१८ला बलवंत मंडळी काढली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते, आणि गेले १९४२ला, ४१व्या वर्षी. बापूराव पेंढारकर १९३७ला, पंचेचाळिशीच्या आत.

प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, हे मला कळतं. त्या काळात औषधं नव्हती, हेही कळतं. पण मनू, तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू गेलं पाहिजे म्हणून छातीतून आवाज काढायचा. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा वन्समोअर. मग कंपनीचं बिऱ्हाड उचलायचं, पडदे गुंडाळायचे, पेट्या भरायच्या आणि पुढच्या गावाला जायचं. तिथं तिकिटं आधीच विकलेली असायची, म्हणून आजारी पडायलाही सवड नसायची. तुझ्याकडे माईक आहे, गाडी आहे, दवाखाने आहेत. तरीसुद्धा तू १०२ तापात उभी राहिलीस.

बघ, पुन्हा तिथंच आलो.

आणि आपले केशवराव भोसले. कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत 'शारदा' नाटकातली शारदा म्हणून गाजले. १९०८ला हुबळीत स्वतःची ललितकलादर्श काढली तेव्हा अठराही पूर्ण नव्हते. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालीवाला थिएटरात संयुक्त 'मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, दोन तोडीस तोड कंपन्या एका रंगमंचावर. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. माझे आजोबा त्याबद्दल बोलताना हात जोडायचे, तुला आठवत असेल. ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वरानं गेले. मी दिवस मोजले. ८८ होतात. वय ३१. तुझं आता २९ चालू आहे. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडासमोर धरून वाचतेस.

आता कामाचं सांगतो. ताप गेला तरी आठ दिवस काळी चार लावू नकोस, पांढरी पाचवर गा. पट्टी उतरवली म्हणून कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे. प्रयोगाआधी तालीम पूर्ण आवाजात करू नकोस. वन्समोअर आला तर नमस्कार कर आणि पुढचं वाक्य घे. त्या कणकवलीच्या मुलीला सुभद्रा बसवून ठेवा, कंपनीच्या मालकांना मी सांगू का? नको, मी नाही सांगत. तू म्हणशील, बाबा मला शाळेतली समजतात. चुकलो. पण तूच सांग त्यांना.

देसाईकाकांनी रेकॉर्डिंग पाठवलंय. आई देवळात गेल्यावर ऐकलं. अंतऱ्यात वरच्या षड्जाला जाताना तुझा आवाज किंचित चिरला. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, मला लगेच कळलं. तुलाही कळलं होतं, कारण पुढच्या आवर्तनाला तू वर गेलीच नाहीस. निषादावर थोडी थांबलीस, श्वास घेतलास आणि तिथूनच अशी खाली उतरलीस की जणू जागा तशीच बांधलेली होती. ऑर्गनवाल्या पोरानं षड्ज धरून ठेवला, त्याला माझा शाबासकीचा निरोप दे. मी चाळीस वर्षं ऑर्गनचा भाता पायानं मारला, किती सुभद्रा पाहिल्या. हे शिकवून येत नाही, मने. ती जागा मी सात-आठ वेळा ऐकली. मग उठून चहा केला आणि तो प्यायचाच राहिला.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा तू पुण्याहून फोनवर रडली होतीस. ८ ऑगस्ट २०२४ची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी सकाळी खासबागेच्या बाजूनं गेलो होतो, हे तुला सांगितलं नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५पासूनचं थिएटर, वरचं छप्पर नाही, भिंतींवर काळे ओघळ आणि ओल्या लाकडाचा वास. शेजारी एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढून उभे होते. तिथं तू पहिल्यांदा उभी राहिलीस ती जागा मी नजरेनं शोधत होतो. इमारत पुन्हा बांधता येते. हे वाक्य पुढं कुठं जाणार ते तुला कळलं असेल, म्हणून इथंच थांबवतो.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. तू अकरावीत होतीस, स्पर्धेची शेवटची फेरी. विंगेत तू शारदेच्या वेशात बसली होतीस आणि तुझं कपाळ तापलेलं होतं. १०१ होता. मी गोळी दिली, गरम पाणी पाजलं आणि म्हणालो, "बालगंधर्व त्या दिवशी उभे राहिले होते, आठवतं ना?" तू मान हलवलीस. आईला मी सांगितलं, दमली आहे थोडी. बक्षीस मिळालं. तो कप अजून टीव्हीच्या वर आहे आणि दर दिवाळीला मी तो चिंचेनं घासतो. घरी आल्यावर तीन दिवस तुझा आवाज उठला नव्हता, तेव्हाही आईला वाटलं थंडीनं असेल.

तापात उभं राहायचं तू माझ्याकडूनच शिकलीस, मनू.

म्हणून आता दुसरं एक नाव सांगतो, जे मी तेव्हा सांगायला हवं होतं. भालचंद्र पेंढारकर. केशवरावांमागं ललितकलादर्श चालवणारे त्यांचे वडील बापूराव गेल्यावर बंद पडलेली ती कंपनी त्यांनी पुन्हा उभी केली, 'पंडितराज जगन्नाथ' केलं, आणि दुसऱ्यांची नाटकंसुद्धा टेपवर उतरवून ठेवली. भालचंद्रअण्णा २०१५ला गेले, ९३व्या वर्षी. ही गोष्ट कोणी अंगावर काटा आणून सांगत नाही. मी सांगत जाईन.

आईला उद्या सकाळी सगळं सांगणार आहे, अकरावीचंसुद्धा. ती दोन दिवस बोलणार नाही. तू तिला फोन कर, पण उद्या नको, बुधवारी कर. शिरोळची आत्या येणार आहे, तिच्याबरोबर मेतकूट आणि ज्येष्ठमध पाठवतो. कुडाळच्या प्रयोगाला मी येऊ का ते कळव. ऑर्गन वाजवायला नाही, नुसता मागं बसेन.

तुझा,
बाबा

ता. क. थर्मामीटर तुझ्या निळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आईनं गेल्या खेपेला ठेवला होता. रात्री झोपताना लाव आणि आकडा मला पाठव. जो असेल तो.