प्लेटलेट पुरेशा आहेत, पण त्या धरतात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्यांत प्लेटलेटचे आकडे रोज छापून येतात. दीड ते साडेचार लाख म्हणजे सगळे ठीक, हे आता घराघरांत पाठ झाले आहे. आयुष्याचा मोठा भाग रक्ततपासणीत गेल्यामुळे या आकड्यापलीकडचेही आपल्या आरोग्य पानावर यावे, असे मला कळकळीने वाटते.

जखम झाली की प्लेटलेट एकमेकींना धरतात, ते पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर. एका प्लेटलेटवर त्याचे साधारण ८० हजार रेणू असतात. एरवी ते वाकून मिटलेले असतात, नाहीतर रक्त वाहता वाहताच गोठले असते. जखमेची खबर आत पोचली की टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिने आतल्या बाजूने इंटिग्रिनच्या शेपटाला लागतात. मग बाहेरचे टोक उघडते आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनला, म्हणजे प्लेटलेटना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाला, पकडते. बाहेरची पकड ठरते ती आतून. टॅलिन दुसरीकडे ॲक्टिनच्या तंतूंना, म्हणजे पेशीच्या सांगाड्याला, जोडले जाते. मायोसिन नावाचे प्रथिन त्या तंतूंना ओढते आणि ती ओढ इंटिग्रिनमधून बाहेरच्या, गुठळीतल्या तंतूंच्या जाळ्यापर्यंत जाऊन गुठळी आवळली जाते. साध्या काचेच्या नळीत ३७ अंशांना रक्त ठेवले तर तासा-दोन तासांत गुठळी आक्रसते आणि पिवळसर द्रव सुटतो, तो याच ओढीमुळे. इतके सूक्ष्म काम नुसत्या डोळ्यांना दिसते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या आजारात हेच इंटिग्रिन नसते किंवा निकामी असते. काउंट, म्हणजे प्लेटलेटची संख्या, व्यवस्थित, पण मुलाचा घोळणा फुटला की थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येते, एखाद्या मुलीची पहिलीच पाळी जिवावर बेतते. नळीतली गुठळी बहुधा आक्रसतच नाही. त्याहून दुर्मीळ मुलांत इंटिग्रिन जागेवर असते, आतले किंडलिन-३ तेवढे नसते. त्यांना रक्तस्राव तर होतोच, शिवाय पांढऱ्या पेशींनाही रक्तवाहिनीची भिंत धरता येत नाही आणि तान्हेपणापासून जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत.

आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हे आजार होतात. नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्ने आपल्याकडे आजही होतात. ‘काउंट नॉर्मल आहे’ एवढ्यावर असे मूल घरी पाठवले जाऊ नये. प्लेटलेटचे काम तपासणाऱ्या चाचण्या मोठ्या शहरांत होतात. निदान झाले तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन ही रक्तस्राव वाढवणारी औषधे टाळता येतात, दात काढण्याआधीही तयारी ठेवता येते.

डेंग्यूच्या आकड्यांशेजारी आपण एवढे जरूर छापावे: काउंट बरोबर असूनही रक्त वारंवार येत असेल किंवा लवकर थांबत नसेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली