बर्फावर फक्की दिसत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला आणि बर्फावरच्या शर्यतींची छायाचित्रे फिरू लागली की मराठवाड्यातल्या क्रीडा मंडळांत आणि धावपटूंच्या गटांत एक बेत हमखास शिजतो : यंदा आपली क्रॉस कंट्री, म्हणजे डांबर सोडून रानामाळातून धावायची शर्यत, मनालीच्या पलीकडे भरवायची. बेत अशक्य मुळीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीजवळचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हिमाचलच्या लाहौल भागातले सिस्सू गाव ऐन हिवाळ्यातही गाठता येते. तिथे बर्फावर मॅरेथॉन झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर लडाखमधल्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावर, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, २१ किलोमीटरची शर्यत पार पडली. आपली मुले अशा हवेत टिकणार नाहीत, असेही कुणी समजू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा ऑलिंपिक धावपटू अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला राहून आला आणि धावण्याची सुरुवात त्याने सैन्याच्या क्रॉस कंट्रीपासूनच केली.

काळजी वाटते ती धावणाऱ्यांची नाही, भरवणाऱ्यांची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत शर्यत घ्यायची ठरलेली रीत आहे : पहाटे सहाला जमा व्हायचे, फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, रेघा मारायच्या, पाच-सहा किलोमीटर सरळ जाऊन वळसा घालून परत यायचे. बर्फात यातली एकही गोष्ट चालत नाही.

आधी मार्ग. जागतिक नियमांप्रमाणे क्रॉस कंट्रीची फेरी १,५०० ते २,००० मीटरची असते आणि वरिष्ठ गट १० किलोमीटर धावतो. म्हणजे त्याच वाटेवर पाच ते सात फेऱ्या. (आपल्याकडे डांबरी रस्त्यावर धाव घेऊन तिला क्रॉस कंट्री म्हणतात, ते या नियमात कुठेच बसत नाही; पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) बर्फात फेरी लहान ठेवण्याचे कारण नियमापेक्षा मोठे आहे. लांब मार्गावर चौथ्या किलोमीटरला मुलगा बसला तर त्याच्यापर्यंत जीप जात नाही, रुग्णवाहिका तर नाहीच. फेरी १,५०० मीटरची असेल तर कुठूनही साडेसातशे मीटरच्या आत उपचाराचा तंबू येतो आणि प्रत्येक धावपटू पंचांच्या नजरेखालून दर सहा-आठ मिनिटांनी जातो. रंग उतरलेला, पाय ओढणारा मुलगा तिथेच थांबवता येतो.

जागा ऑक्टोबरमध्ये, बर्फ पडण्याआधी पाहून यावी. लाहौलच्या शेतात बटाटा आणि वाटाणा होतो. त्या शेतांना दगडी बांध असतात, पाण्याचे पाट असतात, तारा असतात. दोन फूट बर्फाखाली यातले काही दिसत नाही. फिरून छायाचित्रे काढावीत, पाट आणि बांध कागदावर उतरवावेत आणि गावच्या पंचायतीची व शेतमालकाची परवानगी घ्यावी. कड्यांच्या पायथ्याची जागा घेऊ नये. मोठी बर्फवृष्टी झाल्यावर पहिले २४ ते ४८ तास हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. संरक्षण संशोधन खात्याची चंदीगडमधली संस्था, डीजीआरई, हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज पाहणारा एक माणूस नेमावा आणि त्याला दुसरे काम देऊ नये.

आता बर्फ. ताज्या भुसभुशीत बर्फावर शर्यत होत नाही. पाय घोट्यापर्यंत जातो, पहिले दहा जण वाट पाडतात आणि मागचे त्याच खाचेतून एकामागे एक जातात. पुढे जाण्याची सोयच उरत नाही. मार्ग दाबून घ्यावा लागतो. स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) किंवा रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर वीस-पंचवीस जणांनी दोन-तीन रांगांत खांद्याला खांदा लावून पाच मीटर रुंदीत तीन-चार वेळा तुडवायचा. हे काम आदल्या दिवशी दुपारी उरकावे. दाबलेल्या बर्फाचे कण थंडीत काही तासांनी एकमेकांना धरतात आणि थर घट्ट होतो. रात्रभर मिळाली तर तो धावण्याजोगा होतो. शर्यतीच्या सकाळी दाबलेला बर्फ दुसऱ्या फेरीला उखडतो. जागोजागी पोलादी पट्टी खुपसून खोली मोजावी. दाबून दहा सेंटिमीटरपेक्षा कमी थर राहत असेल तर खालचा दगड वर येणार, तिथून मार्ग वळवावा.

दुपारी ऊन लागून वरचा थर ओला झाला आणि रात्री गोठला, तर सकाळी काचेसारखा बर्फ समोर येतो. तो दाताळ्याने खरवडून खडबडीत करावा. उतारावर आणि वळणावर बारीक वाळू, राख किंवा लाकडाचा भुसा टाकावा. मीठ टाकू, असे कुणीतरी सुचवतेच. उणे १० अंशांच्या आसपास मीठ जवळजवळ निरुपयोगी होते आणि त्याखाली कुणाचे तरी शेत आहे. आपल्या रानात कुणी पोतेभर मीठ ओतलेले आपल्याला चालेल का?

वळणे मोठी घ्यावीत. उताराच्या तळाशी वळण नसावे. सगळ्यात जास्त घसरतात ते तिथे. पाचशे पाय पडले की वळणाचा आतला भाग गुळगुळीत होतो, म्हणून दोन गटांच्या मधे तिथे दाताळे फिरवणारी दोन माणसे हवीत. गटांचा क्रम लहानांपासून मोठ्यांकडे ठेवावा, म्हणजे उखडलेली वाट सर्वात तयारीच्या गटाच्या वाट्याला येते. शेवटची रेघ सपाटीवर हवी आणि तिच्यापुढे थांबायला निदान ५० मीटर मोकळी जागा. सुटण्याची जागा रुंद आणि किंचित चढाची असावी. सपाटीवर शंभर जण एकदम सुटले की पहिल्या शंभर मीटरमध्येच एकमेकांवर पडतात.

फक्कीचे तर सांगायलाच नको, पांढऱ्यावर पांढरे. गेरू टाकू म्हणाल, तर गडद रंग ऊन शोषतो आणि त्याखालचा बर्फ आधी वितळून चर पडतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी भगव्या किंवा निळ्या फिती आणि झेंड्या लावाव्यात. काठ्या बारीक, आपटल्यावर मोडतील अशा हव्यात. लोखंडी गज नकोत. गोठलेल्या जमिनीत काठी ठोकली जात नाही. पहारेने बर्फात भोक पाडून काठी उभी करायची आणि बुडाशी ओला बर्फ दाबून तांब्याभर पाणी ओतायचे. रात्री ते गोठले की काठी हलत नाही. धुके किंवा बर्फवृष्टीची शक्यता असेल तर प्रत्येक झेंडीवरून पुढची झेंडी दिसली पाहिजे. वीस मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नये.

वेळेची सवयही सोडावी लागेल. आपण पहाटे धावतो ते उन्हाच्या भीतीने. तिथे पहाट सर्वात गार असते आणि खोलगट जागी गार हवा साचून राहते. पहिला गट साडेदहा-अकराला सोडावा आणि बर्फाचा चिखल होण्याआधी, दीडपर्यंत, शेवटचा गट आटोपावा. त्यात चार गट बसत नसतील तर दोन दिवस घ्यावेत. उद्‌घाटनाची भाषणे मात्र आदल्या रात्री मुक्कामीच उरकावीत. धावायच्या कपड्यांत उभे असलेले मूल सत्काराच्या तिसऱ्या नावापर्यंत थरथरू लागते.

पायात काय, हा प्रश्न पालक पहिला विचारतात. दाबलेल्या बर्फावर १२ ते १५ मिलिमीटरचे खिळे असलेले स्पाइक्स चालतात. मोठ्या खाचांचे ट्रेल शूजही चालतात, पण गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर नुसते रबर टिकत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात चपलेला चिखलाचा गोळा चिकटतो, तसा ओला बर्फ खिळ्यांच्या मधे चिकटून गोळा होतो आणि खिळे जमिनीला लागतच नाहीत. तळव्याला सिलिकॉनचा फवारा किंवा तेलाचा हात मारला तर तो कमी धरतो. जाड मोजे दोन घालून बूट आवळणे ही हौसेने केली जाणारी गोष्ट. त्याने रक्त अडते आणि बोटे लवकर गोठतात. सुती बनियन नको, घामाने भिजले की वाळत नाही. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर वारा अडवणारे पातळ जाकीट, कान झाकणारी टोपी, हातमोजे. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे चष्मा ही चैन नव्हे.

मराठवाडा ४०० ते ६०० मीटरवर, सिस्सू ३,१०० च्या आसपास. तिथे हवेचा दाब, आणि त्याबरोबर श्वासातला ऑक्सिजन, समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. बसमधून उतरून दुसऱ्या दिवशी शर्यत लावणे म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आमंत्रण. मनालीला दोन रात्री आणि वर दोन-तीन दिवस हलके चालणे, एवढा मुक्काम खर्चात धरलाच पाहिजे. दमा असलेल्यांना गार कोरडी हवा श्वासनलिका आवळून धरते. त्यांनी तोंडावर पातळ कापड बांधून सावकाश अंग गरम करावे. त्यांचा पंप पंचाच्या खिशात, अंगालगत असावा. पिशवीत ठेवलेला गारठतो आणि नीट फवारत नाही.

पंच धावपटूंपेक्षा जास्त गारठतात, कारण ते उभे असतात. पायाखाली फळी किंवा गोणपाटाची घडी द्यावी आणि दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा. बॉलपेनची शाई थिजते, पेन्सिल न्यावी. आत गोळी असलेल्या शिट्टीत थुंकी गोठून ती मुकी होते. मोबाइल आणि वेळ नोंदवणाऱ्या चिपच्या यंत्राच्या बॅटऱ्या एकाएकी मान टाकतात, म्हणून हाताने क्रमांक लिहिणारे दोघे कायम हवेत. छातीवरचा क्रमांक कागदी नको, आणि तो सर्वात वरच्या कपड्यावर लावावा. पाणी थर्मासमधून कोमट द्यावे, पेल्यात आधीच ओतून ठेवले तर वर पापुद्रा धरतो.

रेघ ओलांडल्यावरची पहिली दहा मिनिटे सर्वात धोक्याची. धावताना निघणारी ऊब थांबते आणि घाम गार होतो. म्हणून कपड्यांची पिशवी शेवटच्या रेघेपाशी क्रमांकाप्रमाणे लावलेली हवी, घोंगडी हातात तयार हवी, ओले कपडे तंबूत लगेच उतरवायचे. कान किंवा नाक पांढरे, बधिर दिसले तर बर्फाने चोळू नये, शेगडीपाशीही नेऊ नये. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात भिजवलेले कापड त्यावर धरावे, आणि पुन्हा गोठण्याची भीती असेल तर उब देण्याआधी खाली न्यावे. थरथर थांबली आणि मूल असंबद्ध बोलू लागले, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नाही. त्याला आडवे ठेवून, गुंडाळून, घसरगाडीवरून हलवावे. चालवत नेऊ नये.

शेवटी, शर्यत रद्द कुणी करायची? क्रॉस कंट्री स्कीच्या स्पर्धांत मार्गावरच्या सर्वात गार जागी पारा उणे २० खाली गेला की शर्यत होत नाही. तिथे पायांत बूट जाड असतात आणि अंगात कपडे पुरेसे. आमच्या मते मराठवाड्यातून गेलेल्या शाळकरी गटासाठी ही सीमा उणे १० आणि मोठ्यांसाठी उणे १५ असावी, आणि वाऱ्याचा हिशेब त्यात धरावा : उणे १० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला तो गारठा उणे २० चा लागतो. तापमान सुटण्याच्या जागी नव्हे, मार्गाच्या खोलगट भागात, शर्यतीआधी दोन तास, एक तास आणि पंधरा मिनिटे असे तीनदा मोजावे. निर्णय एकाच माणसाचा, आणि तो माणूस आयोजक मंडळाचा पदाधिकारी किंवा प्रायोजकाचा ओळखीचा नसावा. रद्द झाल्यास शुल्काचे काय, प्रवास खर्चाचे काय, हे प्रवेश अर्जावर छापलेले असावे. ते छापलेले नसले की पाहुणे आले आहेत, बॅनर लागले आहेत, एवढ्या कारणावर मुलांना उभे केले जाते.

आपले,
मैदानी स्पर्धांचे काही प्रशिक्षक व पंच,
परभणी