शेरू आणि कापसाची खोली

आर्वीजवळून, १२ जुलै

प्रिय गजा,

परवा फोनवर तू विचारलंस, शेरू कसा आहे, आणि मी नेहमीसारखा "मजेत" म्हणून मोकळा झालो. चार वर्षं हेच सांगतोय. पुण्याला जाताना तू त्याला आमच्या छपरीत बांधून गेलास, वर म्हणालास, राखणीला वाघ ठेवून चाललो. अरे, आभाळ गडगडलं की तुझा हा वाघ तुझ्या वहिनीच्या पदरात तोंड खुपसतो.

आपल्याला ढग दिसायच्या आधीच याला कळतं. वारा पडला, उकाडा वाढला की हा उठतो. छपरी ते चूल, चूल ते न्हाणी, नुसत्या येरझाऱ्या. जीभ बाहेर, लाळ गळते, शेपूट पोटाखाली, कान मागे पडलेले. मग पहिला गडगडाट होतो आणि त्याचे पाय असे थरथरतात, की शेणानं सारवलेल्या जमिनीवर नखांचा टकटक आवाज येतो. वरून आमची टिनं. त्यांच्यावर पावसाचे टपोरे थेंब पडू लागले की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर त्याचं काय होत असेल! आपले कान वीस हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकत नाहीत, कुत्र्याचे साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत पोचतात. आमची चंद्री त्याच छपरात निवांत घोरत असते, ते निराळं.

आता जे तुला सांगितलं नाही ते. दोन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या पावसात मी त्याला साखळीनं बांधलं. मला वाटलं, नाटकं करतो, दोनदा बांधून ठेवला की सवय होईल. आई म्हणाली, "अरे बाप्पा, काहून बांधून राह्यला त्याले? भेलं हाय ते." मी ऐकलं नाही. अर्ध्या तासानं वीज कडाडली ती बहुतेक धुऱ्यावरच्या बाभळीवर. मी बाहेर आलो तर खुंटा उपटलेला, साखळीसकट शेरू गायब.

तीन दिवस शोधला. विजा चमकत असताना मीही शेतातून हाका मारत फिरलो, दमलो की निंबाखाली थांबलो. एवढा शहाणा मी! चौथ्या दिवशी पुलगाव रोडवरच्या एका धाब्यामागे सापडला. गळ्याची कातडी सोललेली, दोन नखं मुळापासून निघालेली. मला पाहून शेपूट हलवली, ते जास्त लागलं रे. त्या आठवड्यात तुझा फोन आला होता आणि मी म्हटलं होतं, मजेत.

नंतर त्याला घेऊन नागपूरला गेलो, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी पाय, कंबर, कान तपासले. अंगात कुठे दुखत असेल तर आवाजाची भीती वाढते म्हणे. मग मी विचारलं, जवळ घेतलं तर लाडावेल ना? आपल्या गावात सगळे हेच म्हणतात. त्या हसल्या. म्हणाल्या, भीती ही काही खोड नाही, की कुरवाळल्यानं पक्की होईल. जवळ येत असेल तर येऊ द्या, लपत असेल तर ओढून काढू नका. गोळीही दिली, पण ती वादळाच्या आधी द्यायची, थरकाप सुरू झाल्यावर नाही. आणि बजावलं, कुणी नुसती गुंगीची गोळी सांगितली तर देऊ नका, अंग निपचित पडतं पण आतली भीती तशीच राहते.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. उन्हाळ्यात मोबाईलवर गडगडाट लावायचा, अगदी बारीक आवाजात, आणि सोबत तुपाची पोळी खाऊ घालायची. रोज थोडा, आठवड्यानं जरा मोठा. मी लावला. पोळी संपली की तो उठून जायचा. मोबाईलचं गडगडणं त्याला पोरखेळ वाटलं असावं. थोडा फरक पडला म्हणता येईल, फार नाही.

खरा उपाय त्यानंच शोधला. यंदा चांगला दर मिळेल या नादात फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचा कापूस मधल्या खोलीत जूनपर्यंत पडून होता, पार आढ्याला टेकलेला. रोहिण्यांचा पाऊस आला त्या संध्याकाळी शेरू दिसेना. माझ्या पोटात गोळा. शोधतो तर कापसाच्या ढिगात शेपटाचं टोक! पुरता आत घुसून बसला होता. मीही शेजारी शिरलो. गजा, आत काय शांत असतं! टिनावरचा तो तडतडाट कुठच्या कुठे गेला. वीज चमकली की मी आकडे मोजायचो, तीन सेकंदाला एक किलोमीटर. नऊवर गडगडलं तर तीन किलोमीटर. त्याला गणित कळत नाही, पण मी मोजत असलो की माझाच आवाज सपाट होतो, आणि बहुधा तेच त्याला पुरतं. रात्रभर खाज सुटली ती वेगळी, साठवलेला कापूस माहीत आहे ना तुला.

आईनं दुसऱ्या दिवशी कापसातले केस वेचले. "व्यापारी म्हणन, कुत्र्याची लोकर हाय का कापूस?"

मग कापूस विकला गेला. त्या रात्री आभाळ वाजलं तेव्हा हा रिकाम्या खोलीत जमीन उकरत होता. म्हणून त्यातला थोडा मी आधीच चार पोत्यांत भरून माळ्यावर टाकला होता, तो खाली काढला. पलंगाखाली तीन बाजूंनी पोती रचली, वरून जुन्या गोधड्या. घरात सांगितलं, गाद्या भरायला ठेवला आहे. तुझ्या वहिनीनं एकदा पोत्यांकडे पाहिलं, एकदा शेरूकडे, बोलली काही नाही. आता मोबाईलवर दामिनी ॲप पाहत असतो. वीस-चाळीस किलोमीटरवर विजा दिसल्या की गोळी देतो आणि पलंगाकडे बोट दाखवतो. परवा मी बोट दाखवायच्या आधीच तो आत होता. थरथरतो अजून. पण लाळ नाही, आणि पाऊस थांबला की भाकर मागतो.

पोळ्याला येतोस ना? हिशेब करून ठेवला आहे. कापूस २८ किलो, भाव मिळाला ७००० रुपये क्विंटल, म्हणजे १९६० रुपये. तुझ्या नावावर मांडलेत. वाघ तुझा आहे.

तुझा,
दिनू